भूकंपाचं बटण

दिवा मिचकावला की बाहेर पळायचं, हा नियम आमच्या घरात २०१८च्या दिवाळीनंतर सुरू झाला.

पणत्या पुसून ठेवल्या नाहीत तोच जमिनीने अंग हलवायला सुरुवात केली. डहाणू-तलासरीच्या माणसाला तो हिवाळा सांगायला नको. आधी लांब कुठेतरी सुरुंग उडवल्यासारखा आवाज यायचा, मग मांडणीवरची भांडी खुळखुळायची, आणि पोरंबाळं उचलून बाहेर यावं तर सगळं शांत. कधी दिवसातून एकदा, कधी लागोपाठ. साहेब लोक आले, टीव्हीवाले आले, काहींना तंबू मिळाले, काहींनी ताडपत्र्या आणल्या, आणि अख्खा पाडा अंगणात झोपायला लागला.

आमचं घर आशागडच्या आतल्या अंगाला, अशाच एका पाड्यावर. पुढे दोन खोल्या विटांच्या आणि मागे एक जुनी खोली कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्हीकडून शेणमातीने लिंपायच्या, तो कुड. ती खोली सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. माझ्या लग्नापासून नवरा म्हणत होता, ती पाडू आणि पक्की खोली काढू. सासरे म्हणायचे, मी डोळे मिटेपर्यंत नाही. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला, डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण या एका बाबतीत ते तसूभर हलले नाहीत. बापलेकांचं बोलणं या खोलीपाशी येऊन अडायचं, आणि मग दोघांमध्ये निरोप्या म्हणून मी. माझा मुळात राग नाकावर. मी निरोप देताना त्यात माझी भर घालायची, त्यामुळे भांडण काही मिटायचं नाही.

भूकंपाने मात्र सासरे जिंकले. गावात आलेल्या एका साहेबाने सांगितलं की विटांचं घर अंगावर कोसळतं, कुडाचं नुसतं डुलतं. सासऱ्यांचा चेहरा काय फुलला! म्हणाले, "मी बाहेर येत नाही. उघड्यावर मी गुरं बांधतो, स्वतःला नाही. मला माझ्या खोलीत न्या." मग त्यांची बाज मागच्या खोलीत गेली. डोक्यात कौल पडायला नको म्हणून नवऱ्याने कौलं उतरवली आणि वर गवताचं छप्पर घातलं. आम्ही सगळे अंगणात ताडपत्रीखाली, आणि बाबा एकटे आत. सर्वांत सुरक्षित जागी म्हातारा ठेवला म्हणून आम्ही निर्धास्त.

त्या खोलीत वीज नव्हती. नवऱ्याने पुढच्या खोलीतल्या बोर्डापासून वायर काढली, वळचणीखालून नेली आणि अंगणाच्या बाजूने कुडाला भोक पाडून आत घेतली. वायर कमी पडली, तर जुन्या पंख्याची वायर पीळ देऊन तिला जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. आत लाकडी खांबावर एक बोर्ड ठोकला. त्यावर एक दिवा आणि पाणी तापवायचा रॉड. बाबांना रोज सकाळी तेल चोळून कढत पाण्याने आंघोळ घालावी लागे, आणि थंडीत चुलीवरून पाणी आणेपर्यंत ते कोमट होई. रॉड आल्यावर मला बरं वाटलं. बादलीत सोडायचा, बटण दाबायचं, तोवर तेल चोळून होतं.

आणि तो दिवा मिचकावायला लागला.

सासूबाईंनी त्याचा अर्थ लगेच लावला. एका सकाळी दिवा लुकलुकला आणि मागोमाग हादरा आला, तेवढं त्यांना पुरलं. "धरणीमाय आधी दिव्याला सांगते," त्या म्हणाल्या. त्यानंतर दिवा लुकलुकला की त्या ओरडायच्या, "निघा रे बाहेर!" हादरा कधी यायचा, कधी नाही. नाही आला तर म्हणायच्या, "बारका होता, तुम्हाला कळला नाही."

सासूबाईंचा दुसरा उद्योग लिंपणाचा. हादऱ्याने कुडाला भेगा पडायच्या, आणि भेग दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. शेण, माती, थोडं भाताचं तूस, असं कालवून त्या हाताने भिंत अशी गुळगुळीत करायच्या की काल इथे भेग होती हे सांगूनही पटू नये. वायरीसाठी पाडलेलं भोकही त्यांनी असंच बुजवून टाकलं. मला वाटलं, बरं झालं, वारा यायचा बंद झाला.

माझं माहेर गुजरातच्या हद्दीवरच्या झाईचं. धाकटा भाऊ उंबरगावला एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेल जोडायच्या कामाला. अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलतो, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत. आम्ही कसे आहोत ते बघायला तो आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला कौतुकाने दिव्याची गोष्ट सांगितली. तो खो खो हसला.

"शूं वात करे छे! भूकंपाला दिवा मिचकावून सांगायची काय गरज?" मग हसता हसता थांबला आणि माझ्याकडे वळला. "ताई, हे चांगलं नाही हां. हादऱ्यांनी जोड ढिले होतात. ढिल्या जोडात ठिणगी उडते. बारीक, डोळ्याला दिसायची पण नाही. आणि तुमच्या डोक्यावर गवत."

मी म्हटलं, "एमसीबी आहे की. तूच बसवून दिलायस."

"एमसीबीला ठिणगी कळत नाही. लोड फार वाढला किंवा दोन वायरी एकमेकींना भिडल्या तर तो पडतो. ही ठिणगी तुझ्या रॉडपेक्षा जास्त करंट ओढतच नाही. मग त्याला काय पत्ता? तो आपला वर बसून राहतो आणि इकडे घर पेटतं."

मी म्हटलं, "अशुभ बोलू नकोस." त्याने पुढच्या खोल्यांतले सगळे बोर्ड उघडले, स्क्रू आवळले, एक जळकं बटण बदललं. मागच्या खोलीत गेला तर बाबांनी उजवा हात उगारून त्याला बाहेर काढलं. "इथे काही नाही. भिंतीला हात लावायचा नाही." आजारी माणसाशी कोण वाद घालणार? तो बाहेर आला.

काही दिवसांनी मात्र तो वापीच्या दुकानातून खास मागवलेली एक वस्तू घेऊन हजर. दिसायला एमसीबीसारखीच, पण जाडजूड, आणि पोटावर इवलासा दिवा. म्हणाला, याला आर्क फॉल्टचं बटण म्हणतात. वायरीतून वाहणाऱ्या विजेवर ते सतत कान ठेवून असतं. मिक्सर लावला, बटण दाबलं, तर तिथली नेहमीची ठिणगी त्याला ओळखता येते, ते गप्प राहतं. पण जोडातली चरचरणारी, थांबून थांबून येणारी ठिणगी कळली की खटकन वीज तोडतं. लाल दिवा लुकलुकला तर समज, ठिणगी आहे.

"पडलं तर नुसतं वर करत बसू नकोस," पुढच्या खोलीत मेनपाशी ते बसवून निघताना तो म्हणाला. "का पडलं ते शोध."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते पडलं. टक्! घर अंधारलं. सासूबाई, "आला! निघा!" म्हणत अंगणात. आणि नशीब बघा, त्याच सकाळी थोड्या वेळाने खरोखर भला मोठा हादरा आला. मग काय विचारता! आमच्या बटणाची कीर्ती पाड्याभर झाली. पाण्याला गेले की बाया विचारायच्या, "काय गं, आज बटण पडलं का?" पलीकडचे एक काका शेतावर निघण्याआधी आमच्या दारातून डोकावून जायचे. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा झाल्यावर सासूबाईंनी बटणाला हळदकुंकू लावलं. भावाला फोनवर सांगितलं तर तो कपाळावर हात मारून घेतल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "ताई, त्याला भूकंपातलं ओ की ठो कळत नाही. दिवा लाल होता का?"

"होता."

"मग शोध ना!"

शोधू कुठे? ते रोज पडायला लागलं. नेमकं बाबांच्या आंघोळीच्या वेळी. तेल चोळून म्हातारा उघडा बसलेला, पाणी जेमतेम कोमट, आणि टक्! मी धावत पुढे जाऊन वर करायची, परत यायची, परत टक्! बाबा थंडीने कुडकुडायचे. मी बटणाला शिव्या द्यायची, भावाला द्यायची, समोर जो येईल त्याला द्यायची. पाडा आमच्याकडून भूकंपाची बातमी घेत होता आणि आमच्या घरात कोणाला धड आंघोळ मिळत नव्हती.

नवरा वैतागला. म्हणाला, "तुझ्या भावाचं हे खेळणं काढून टाकतो आणि वायर सरळ जोडतो. उद्या मला सुट्टीच आहे."

मी म्हटलं, "काढ एकदाचं." मीही इतकी कंटाळले होते.

त्या सुट्टीच्या सकाळी सासूबाई पाण्याला गेलेल्या. नवरा पुढच्या खोलीत स्टुलावर चढून, स्क्रूड्रायव्हर दातात धरून उभा. मी म्हटलं, थांब जरा, आधी बाबांची आंघोळ उरकते. रॉड लावला. टक्! "वर कर," मी ओरडले. त्याने केलं. परत टक्! माझं डोकं फिरलं. बाबांना म्हटलं, "या बटणाने आणि तुमच्या लेकाने, दोघांनी मिळून माझा जीव खाल्लाय."

बाबा हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलले, "रॉड लावू नको. किडा चवताळतो."

"कसला किडा?"

त्यांनी उजव्या हाताने उशाशी असलेली भिंत दाखवली. "कारवीत. पोखरतोय. पाणी तापायला लागलं की चरचर करतो. रॉड काढला की गप्प."

"कधीपासून?"

"मी इथे आलो तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

त्यांनी पुढच्या खोलीकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "किडीचं नाव झालं असतं तर त्याने खोली पाडली असती."

मी गुडघे टेकून भिंतीला कान लावला. काही नाही. नवऱ्याला हाक मारली, "बटण वर कर आणि तिथेच उभा राहा. काढू नकोस!" त्याने वर केलं. आणि त्या गुळगुळीत, सासूबाईंनी मायेने लिंपलेल्या भिंतीच्या पोटातून आवाज आला. चर्र. थांबला. चर्र, चर्र. ओलं लाकूड चुलीत घातल्यावर येतो तसा. दिवा दोनदा मिचकावला. टक्! अंधार, आणि भिंतीत शांत. मी हात लावला तर तेवढीच जागा गरम.

डोळे वर गेले तर बोर्डाकडे जाणारी वायर दिसली. काळी. धावत अंगणात गेले, बाहेरून बघितलं. भिंतीत शिरणारी वायर पांढरी. पांढरी शिरते, काळी निघते, म्हणजे जोड भिंतीच्या आत! "मेन बंद कर!" अशी किंचाळले की नवरा स्टुलावरून पडता पडता वाचला. त्याने मेन बंद केला, तो धावत आला, आम्ही बाबांची बाज ओढून बाजूला घेतली आणि मी कोयत्याने लिंपण फोडलं.

आतल्या कारव्या कोळसा झालेल्या. वीतभर. चिकटपट्टी वितळून गेलेली, तांब्याला काळा-हिरवा थर, आणि जोड इतका ढिला की बोट लागताच सुटला. कोळशाची काळी रेघ वर वर चढत गेलेली, आणि तिच्या टोकापासून छपराचं गवत माझ्या हाताच्या अंतरावर. तिथेच खाली बाबांचं डोकं असायचं.

तेवढ्यात सासूबाई हंडा घेऊन आल्या. "अगं बये, माझी भिंत!" म्हणाल्या, मग त्यांना आतलं काळं दिसलं आणि त्या हंड्यासकट खाली बसल्या.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. पण घाबरलेला पुरुष गप्प थोडाच बसतो? म्हणाला, "बघितलंत? सांगत होतो ना, ही खोली पाडायलाच पाहिजे."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

आणि मग मी फुटले. "खोलीने काय केलं? पीळ दिलेला जोड कोणाचा? वर लिंपण कोणाचं? रोज रॉड कोणी लावला? आपण तिघांनी मिळून म्हाताऱ्याच्या उशाशी निखारा ठेवला होता, आणि हा माणूस भीतोय कशाला, तर आपण त्याची खोली पाडू याला! मरण उशाला घेऊन गप्प पडून राहिला बिचारा!" मला असं रडू कोसळलं की नवरा घाबरून बाबांचा हात धरून उभा राहिला. बाबाच मला म्हणाले, "पुरे. पाणी गार झालं."

भाऊ दुपारच्या आत आला. या वेळी बाबांनी त्याला अडवलं नाही. त्याने जुनी वायर सगळी ओढून काढली. नवी, जाड, मध्ये एकही जोड नसलेली वायर पाइपातून आणली, भिंतीत न पुरता खांबांवरून, सगळ्यांना दिसेल अशी. रॉडसाठी वेगळा प्लग बसवला. सासूबाईंना बजावलं, "मावशी, या पाइपावर लिंपायचं नाही हां." त्या म्हणाल्या, "माझे हात बांधून ठेव आता." मग रॉड लावला आणि आम्ही सगळे बटणाकडे बघत उभे राहिलो. पाणी सणसणायला लागलं. उकळायला आलं. बटण जागचं हललं नाही.

बाबांनी विचारलं, "किडा?"

"मेला, बाबा."

त्या दिवशी त्यांनी बादलीभर कढत पाण्याने आंघोळ केली आणि अजून एक तांब्या मागितला.

यानंतर गंमत झाली. पुढचा मोठा हादरा आला, भांडी पडली, कोंबड्या उडाल्या, आणि बटण जागच्या जागी. सासूबाई भावावर भडकल्या. "चांगलं सांगत होतं, बिघडवून ठेवलंस!" पाण्यावरच्या बायाही हिरमुसल्या. मग मला एकेकीला उभं करून सांगावं लागलं की बटण भूकंपाचं नव्हतंच, ते ओरडत होतं भिंतीतल्या ठिणगीसाठी, आणि आम्ही त्याला हळदकुंकू लावत बसलो. हसल्या सगळ्या. पण हसून झाल्यावर प्रत्येकीने आपापल्या ताडपत्रीत नेलेल्या वायरीकडे बघितलं. कोणाच्या उघड्या तारा काडेपेटीची काडी खोचून प्लगात घातलेल्या, कोणाचा जोड गवतातून गेलेला. पलीकडच्या काकांनी पहिल्यांदा भावाला हात धरून नेलं. तसलं बटण काही सगळ्यांना आणता आलं नाही, पण पुढच्या सुट्ट्यांना भाऊ यायचा आणि आमचे हे त्याच्यासोबत पक्कड घेऊन फिरायचे, जोड उघडायचे, वायरी बदलायचे. पीळ देऊन जोडलेली वायर दिसली की आता नवऱ्याचाच पारा चढायचा. मी मनात म्हणायची, चला, राग घरातच राहिला, फक्त जागा बदलली.

राहिलं ते भिंतीतलं भोक. जळक्या कारव्या कापून काढल्यावर चांगलं परातीएवढं झालं होतं. सासूबाईंनी शेणमाती कालवली, घमेलं घेऊन आल्या, आणि बघतात तर बाबा त्या भोकातून अंगणाकडे बघत होते. बाहेर पोरं खेळत होती, ताडपत्रीखाली माझी भाकरी चालली होती. आम्ही सगळे बाहेर आणि ते आत एकटे, असं इतके दिवस चाललं होतं, आणि त्या कुडापलीकडून त्यांना आमचे नुसते आवाज ऐकू यायचे. मग ती माती सासूबाईंनी दुसऱ्या भेगांना लावली. ते भोक त्यांनी लिंपलं नाही.

मग रोज संध्याकाळी आम्ही अंथरुणं घालायला लागलो की भोकातून आवाज यायचा, "बटण?"

"वर आहे, बाबा."

"मग जेवा."

उन्हाळ्यात हादरे कमी झाले, लोक घरात परतायला लागले. पाऊस तोंडावर आला. मला काळजी, आता भोकातून पाणी आत येणार, आता हा नवरा परत खोली पाडायचं काढणार. एक दिवस मी घोलवडच्या बाजारातून आले तर नवरा कुडापाशी बसून काहीतरी ठोकत होता. त्याने भोकाच्या कडा सरळ कापल्या होत्या आणि त्यात सागाची चौकट बसवली होती. वर उतरवून ठेवलेली कौलं परत चढवली होती, आणि खिडकीपुरता छोटासा छज्जाही काढला होता. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

काम झाल्यावर तो आत वाकून म्हणाला, "बाबा, बरी झाली का?" मधे मला न घेता, थेट.

बाबांनी उजवा हात बाहेर काढून चौकट चाचपली, दोनदा थापटली. "आता कोण पाडतो बघू," ते म्हणाले.

नवरा म्हणाला, "कोणी नाही, बाबा."